हिच्या नावावरची शुगर

माझ्या बायकोला शुगर नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण ती गेल्यावर भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी "काय करणार, शुगर होती ना त्यांना" म्हणत माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी मान हलवली. कुणाकुणाला सांगत बसणार. शुगर तिला नव्हती, तिच्या नावाला होती. अबुधाबीतल्या एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरात ती लागली, आणि तिथून काही बरी झाली नाही.

मी सातवी पास, चिपळूणच्या बाजूचा. अबुधाबीबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत वेल्डर म्हणून आलो आणि पत्रे, पाइप, खांब जोडता जोडता फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये फोरमन झालो. फोरमनच्या पगारावर बायको आणता येते असं कळलं तेव्हा हिला आणली. तोवर आमचा मुलगा इंजिनिअर होऊन दुबईत नोकरीला लागला होता, त्याचं लग्नही झालं होतं. म्हणजे लोकांचा संसार आवरायला येतो त्या वयात आमचा सुरू झाला. जवळच्याच शाबिया वस्तीत एका व्हिलाच्या आत प्लायवूड मारून खोल्या केल्या होत्या, त्यातली एक आमची. स्वयंपाकघर सगळ्यांत मिळून एक, आणि त्यात गॅसच्या चार शेगड्यांवरून रोज जे व्हायचं ते व्हायचं.

कंपनीने आम्हा दोघांना विम्याची कार्डं दिली होती. कायदाच होता तिथे. हिने तिचं कार्ड देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलं, प्रसाद मिळाल्यासारखं. वापरायची वेळच यायची नाही. साधी सर्दी व्हायची नाही तिला. मी म्हणायचो, "कंपनी तुझ्यासाठी पैसे भरते आणि तू आजारी पडत नाहीस, हे काही बरोबर नाही."

"तुम्ही पडा की माझ्या वाटणीचे," ती म्हणायची.

मग ते दोन हजार आठचं संकट आलं. अमेरिकेत कुठल्या बँका बुडाल्या म्हणे. आम्हाला कळलं ते असं, की वर्कशॉपच्या दाराशी रांगेत उभे राहणारे ट्रेलर दिसेनासे झाले. शेजारच्या खोलीत रत्नागिरीकडचं एक मुसलमान जोडपं होतं. नवरा क्रेन चालवायचा. त्याच्या कंपनीचा मालक एके दिवशी ऑफिसला कुलूप लावून गेला तो गेलाच. यांचे पासपोर्ट आत, पगार आत, कोर्टात केस. व्हिसा धड जिवंत नाही, धड मेलेला नाही. आणि विम्याचं कार्ड खलास.

त्या बाईला शुगर होती. खरी. गावाहून कुणी येणार असला की त्याच्या बॅगेतून गोळ्या यायच्या, पण मंदीत येणारे थांबले आणि जाणारेच वाढले. गोळ्या संपल्या. पायाला जखम झाली ती भरेना. एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर ही देवाच्या फोटोमागे हात घालत होती.

"कार्ड कशाला हवंय?"

"तिला देतेय."

"वेड लागलंय का तुला? नाव तुझं आहे त्यावर."

"फोटो आहे का?"

"फोटो नाहीये."

"मग झालं तर. नाव पुकारलं की ती उठेल. एवढं तिला जमेल."

"पकडले गेलो तर चौघांनाही विमानात बसवतील."

"बसवू देत. तिकीट तरी आपल्याला काढावं लागणार नाही."

हिच्याशी वाद घालून मी आयुष्यात कधी जिंकलो नाही, तेव्हाही जिंकलो नाही. वर मला म्हणाली, "तुम्हीच तर म्हणता, पैसे वाया जातात कंपनीचे."

ती बाई कोपऱ्यावरच्या क्लिनिकात जाऊ लागली. डोक्यावरून ओढणी, हातात आमचं कार्ड, काउंटरवर थोडे दिरहॅम भरायचे आणि आत. शुगर, ब्लडप्रेशर, पायाचं ड्रेसिंग, सगळं व्यवस्थित सुरू झालं. जखम भरली. हिला इतका आनंद झाला की जणू पाय हिचाच. मात्र पुढच्या हिवाळ्यात हिचा कान ठणकायला लागला, मरणाचा ठणकायला लागला, तेव्हा लक्षात आलं की आता ही त्या क्लिनिकात जाऊ शकत नाही. डॉक्टर नाव वाचणार आणि म्हणणार, तुम्ही कोण? कार्ड हिचं, चेहरा तिचा. शेवटी लसणीचं तेल गरम करून मीच कानात घातलं. शेजारीण दाराशी उभी राहून रडत होती आणि ही एका कानाने ऐकत तिला समजावत होती.

वर्ष-दीड वर्षाने त्या माणसाची केस सुटली. त्याला खोर फक्कानच्या बंदरात क्रेनवरच नोकरी लागली, कागद झाले, बायकोचा व्हिसा झाला. जाताना तिने कार्ड परत दिलं. हिने ते पुसून पुन्हा देवाच्या फोटोमागे ठेवलं. माझ्या हिशेबाने विषय संपला होता.

मग मी साठ वर्षांचा झालो. आमच्या शाळेत मास्तरांनी सगळ्यांनाच एक जूनला जन्माला घातलं होतं, मलाही, आणि त्यात वर्ष-दोन वर्षं जास्तीची लिहिली असावीत. तरी पासपोर्ट म्हणतो ते खरं. साठीनंतर माणूस ठेवायचा तर कंपनीला जास्त फी भरावी लागायची, आणि मंदीत कंपनी कारणच शोधत होती. ऑफिसात व्हिसाचं काम बघणारा मलबारी माझा चांगला मित्र, पण तोही म्हणाला, "चाचा, खलास. अब आराम करो." मी हेल्मेट जमा केलं, बूट जमा केले आणि दोन्ही कार्डंही जमा केली. इतकी वर्षं लोखंड जोडलं, पण निघताना जड वाटलं ते विम्याचं कार्ड. गावात आम्हाला कोण होतं बघायला? भावकीशी बोलणं नाही, जवळचं हॉस्पिटल म्हणजे दीड तासाचा रस्ता. आणि इथे दुबईत नात.

मुलगा म्हणाला, माझ्या व्हिसावर राहा दोघं. तो दुबईतल्या ऊद मेथा भागात भाड्याने राहायचा. त्याचाही पगार मंदीत कापला होता, पण नोकरी टिकली होती. आईबापाचा व्हिसा हवा तर विमा काढायलाच लागतो, म्हणून त्याने एका एजंटला घरी बोलावलं. गिरगावकडचा पोरगा होता, टाय लावलेला. आम्हाला अंकल-आंटी म्हणायचा. लॅपटॉप उघडून त्याने तीन प्रकार दाखवले. एक स्वस्तातला, त्यात गाडीखाली आलात तरच काही मिळेल असा. दुसरा नव्या कंपनीचा, त्यात पहिली काही वर्षं जुन्या आजारांना पैसे नाहीत, आणि साठीच्या पुढची माणसं त्यांना फारशी नकोच होती. तिसरा, माझ्या वर्कशॉपचा विमा ज्या कंपनीत होता तिचाच.

"सर, हा बेस्ट," तो मुलाला म्हणाला. "अंकल-आंटींची हिस्टरी त्यांच्याकडे ऑलरेडी आहे. कंटिन्युइटी मिळेल. वेटिंग नाही."

"दोघांचं मिळून किती?" मुलाने विचारलं.

"आठ हजार दिरहॅमच्या आसपास."

"म्हणजे लाखभर रुपये," मी म्हणालो.

"बाबा, रुपयांत करू नका," मुलगा म्हणाला. "रुपयांत केलं की आपण पाणीपण पिणार नाही. हाच घेऊ. आईला कधी काही झालेलं नाही, हिस्टरीचा फायदाच होईल."

मी हिच्याकडे पाहिलं. ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

दोन दिवसांनी एजंटचा फोन आला. मुलाने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. फोन ठेवून तो आईसमोर बसला.

"आई, तुला शुगर आहे? प्रेशर आहे? पायाला एवढी मोठी जखम झाली होती? आणि मला सांगितलं नाहीस?"

हिने पदर नीट केला. मग म्हणाली, "विसरले."

"विसरलीस?"

"त्यात काय सांगायचं, म्हटलं. तू बिझी असतोस."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला आईची काळजी घेता आली नाही म्हणून. मला ते बघवेना. पण त्याला खरं सांगायची सोय नव्हती. आमचा मुलगा सरळ आहे. सिग्नलवर पिवळा दिवा लागला की थांबणारा. त्याने लगेच विमा कंपनीला ईमेल केला असता, व्यवस्थित, तारखांसकट.

संध्याकाळी खालच्या बागेत बाकावर बसलो तेव्हा मी हिला म्हणालो, "सांगून टाकू. मी सांगतो, माझ्यावर येऊ दे."

"तुमच्यावर येईल, माझ्यावर येईल, आणि तिच्यावर नाही येणार? उपचार कुणी घेतले ते विचारणारच ना. तिचा नवरा आत्ता कुठे लागलाय. दोघांना आत घालतील नाहीतर हाकलतील."

"आणि तुझं काय?"

"मला काय झालंय?"

तिला खरंच काही झालं नव्हतं.

मुलाने मात्र हार मानली नाही. म्हणाला, ताजी टेस्ट करू, चांगली आली तर ते पैसे कमी करतील. मलाही वाटलं, रक्त काही खोटं बोलणार नाही, बोलायची गरज न पडता सगळं मिटेल. रिपोर्ट आला. एखाद्या कॉलेजच्या पोरीचा असावा तसा. विमा कंपनीच्या डॉक्टराने तो बघून शेरा दिला: आजार उत्तम नियंत्रणात, उपचार असेच चालू ठेवावेत. एजंटने तर हात जोडले. "आंटी, डाएट काय करता सांगा ना. माझ्या मम्मीला सांगतो."

"सगळं खाते," ही म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं, आंटी जोक करतात.

तर असा विमा झाला. पैसे जास्त, आणि शुगर व शुगरमुळे होणारं सगळं सोडून. शुगरमुळे काय काय होतं ते एजंटने वाचून दाखवलं. हृदय, किडनी, डोळे, पाय, नसा. हिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उरलं काय?"

"बाकी सगळं आहे की, आंटी. अपेंडिक्स आहे, फ्रॅक्चर आहे..."

"बरं. पडेन कधीतरी."

त्या दिवसापासून घरात हिची शुगर सुरू झाली. सून पुण्याची, मायेची आहे आणि शिस्तीचीही. रोज सकाळी कारल्याचा रस. चहा बिनसाखरेचा. गणपतीत मोदक हिने वळायचे, उकडायचे, नैवेद्य दाखवायचा, आणि ताटात एकही नाही. नात तर पोलीसच. हिचा हात डब्याकडे गेला की म्हणायची, "आज्जी, नो. यू आर डायबेटिक." ही मला म्हणाली, "बघा, खोटं बोललं की कसं कडू लागतं." पण तोंड उघडलं नाही. संध्याकाळी आम्ही चालायला म्हणून निघायचो आणि मागच्या गल्लीतल्या कॅफेटेरियात जाऊन तिकडचा दाट दुधाचा करक चहा प्यायचो, इतका गोड की ओठ चिकटायचे. परत आलो की सून कौतुकाने विचारायची, किती चाललात?

तीन वर्षं असं निभलं. मग एका दुपारी ही कपड्यांच्या घड्या घालता घालता भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, छातीवर कुणी दगड ठेवलाय. ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलात नेलं, रक्ताची नळी तुंबली होती ती स्प्रिंग घालून उघडली. काम चांगलं केलं त्यांनी. वाचली. आणि दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचं उत्तर आलं. हृदयविकार हा शुगरचा परिणाम आहे, सबब पैसे मिळणार नाहीत.

मुलगा पेटून उठला. फाइल काखेत मारून हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालू लागला. "मी अपील करतो. तिचे तीन वर्षांचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. शुगरने झालं हे त्यांनी सिद्ध करावं."

"शुगर नव्हतीच तिला," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी, कंट्रोलमध्ये होती..."

"अरे, नव्हती. कधीच नव्हती." आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. शेजारीण, क्लिनिक, कार्ड. तो खुर्चीवर बसला.

"बाबा, हा फ्रॉड आहे."

"हो, आहे."

"आणि तीन वर्षं मी तिला कारल्याचा रस पाजतोय."

"तुझी बायको पाजतेय. तू फक्त विचारतोस, घेतला का."

तो हसला नाही. म्हणाला, मग सोपं आहे. ती बाई कुठे आहे? तिने एक कागद लिहून द्यावा, आपण बिल वाचवू. आईला अजून गोळ्या लागणार, तपासण्या लागणार, एवढ्यावर थांबणार नाही हे. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. बिल असं होतं की नोकरी सुटताना कंपनीने मला दिलेला शेवटच्या हिशेबाचा पैसा त्यात जाऊन वर त्याच्या क्रेडिट कार्डावर चढणार होतं.

त्या बाईला शोधावं लागलं नाही. आजारपणाची बातमी कशी कोण जाणे खोर फक्कानपर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन हजर. डब्यात सुरमईचं कालवण. हिच्या पलंगाशी बसली. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग त्याने तिला सरळ सगळं सांगितलं, विमा कंपनी काय म्हणते ते. ती ऐकता ऐकता पांढरी पडली.

"वहिनी, मला म्हायतच नाय," ती म्हणाली. "मी जाते. आत्ता जाते. सांगते त्यांना, शुगर माझी हाय."

तिचा नवरा उभा होता, त्याने टोपी काढून हातात घेतली. तोही काही नको म्हणाला नाही. म्हणाला, "भाऊ, जे होईल ते होईल."

आता मुलाने फक्त हो म्हणायचं होतं. पण ही उशीवरून म्हणाली, "आता नेऊन काय करतेस गो? तुझी तुला आहे तेवढी पुरे की."

"वहिनी, मस्करी नको."

"मस्करी नाही. तू कबूल केलंस तर विमावाले मला पैसे देतील असं कुणी सांगितलं? म्हणतील, दोघी चोर. माझाही विमा काढून घेतील, व्हिसाही. मग ना तुला, ना मला." आणि मुलाकडे वळून म्हणाली, "ठेव ती फाइल. डब्यात काय आहे बघ, बेडवरच्या पेशंटला चालतं का विचार नर्सला."

मुलगा उभाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो नियम मोडत होता, आणि तेही काहीच न करून. शेवटी त्याने फाइल बॅगेत घातली आणि नर्सला विचारायला गेला. चालत नव्हतं. कालवण आम्ही बाकीच्यांनी खाल्लं.

बिल भरलं. माझा हिशेब गेला, मुलाने हप्ते बांधून घेतले. घरी आल्यावर कारल्याचा रस बंद झाला. सुनेला सांगितलंच होतं. ती आधी रुसली आणि मग हिला जवळ घेऊन हसत सुटली. डॉक्टरने सांगितलं होतं, अजून एक नळी बघायला हवी, लवकर. मुलगा म्हणायचा, पैशांचं बघतो, करून घेऊ. ही म्हणायची, आधीचे हप्ते संपू देत. मी दोघांचं ऐकत होतो. हप्ते संपायच्या आधीच ही गेली. सकाळची वेळ, नात शाळेच्या बसकडे पळत होती, ही तिला दारातून टाटा करून आत वळली आणि बसली ती बसलीच. ॲम्ब्युलन्सवाल्यांना करण्यासारखं काही नव्हतं. ह्या वेळी बिल असं झालंच नाही.

महिन्याभराने एजंटचा फोन आला. पोरगा चांगला आहे, त्याला कुणी कळवलं नव्हतं.

"अंकल, गुड न्यूज. रिन्यूअल आलंय. आंटींचे शुगरचे रिपोर्ट इतकी वर्षं चांगले आहेत, तर शुगरचं एक्स्ट्रा काढायला मी कंपनीला पटवलंय."

"ती वारली."

मग सॉरी अंकल, सॉरी अंकल. मी म्हणालो, "तू पटवलंयस ना, मग काढून टाक. तिच्या नावावर शुगर नको."

"अंकल, आता तर फाइल क्लोज होईल. क्लोज फाइलमध्ये चेंज होत नाही."

"अजून उघडी आहे ना?"

"आहे, पण त्याला फॉर्म लागतो. पेशंटची सही लागते."

त्याला वाटलं लाइन कट झाली. हॅलो हॅलो करत राहिला.

"माझं किती?" मी विचारलं.

त्याने आकडा सांगितला. वय वाढलं म्हणून गेल्या वर्षीपेक्षा जास्त.

"जास्त आहे."

"अंकल, तुमची फाइल एकदम क्लीन आहे. एक क्लेम नाही. त्यामानाने कमीच आहे हे. करू का?"

न करून जाणार कुठे होतो. विम्याशिवाय व्हिसा नाही. म्हटलं, कर.

"इमर्जन्सी कॉन्टॅक्टला आंटींचं नाव आहे. चेंज करावं लागेल. कुणाचं घालू?"

"सुनेचं घाल," मी म्हणालो. "मुलगा मीटिंगमध्ये असतो."